पिवळ्या वायरींची गाडी

तीर्थरूप दाजी,

मेव्हण्याचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण गेले नऊ दिवस मी गाडीखाली पाठीवर पडून आहे, आता पालथं व्हायची हिंमत नाही. तुमचं बीपी कसं आहे? सकाळची गोळी राहिली असेल तर आधी ती घ्या, मग पुढचं वाचा. ताईचा गुडघा काय म्हणतो? मी मजेत आहे, म्हणजे डाव्या अंगठ्याचं नख सोडलं तर. फोनच केला असता, पण माझा नंबर दिसला की तुम्ही उचलत नाही, आणि ताईने उचलला तर "वेळेवर जेवतोस का रे?" एवढं विचारून ती रडायला लागते. मग पुढे कोण काय बोलणार! म्हणून हे पत्र. (एका पानात आटपायचा विचार आहे. पण माझे विचार तुम्हाला माहीत आहेत.)

पत्राचं कारण तुमची गाडी. हो, तीच. निळी, टर्बोवाली, जिच्यातला कंपनीचा कॉम्प्युटर काढून तुम्ही बाहेरून आणलेला बसवलात, सगळं वायरिंग स्वतःच्या हातांनी केलंत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बॉनेट उघडून दाखवलंत. सहा पाहुण्यांना बसवून फेरी मारायला निघालात आणि ती फाटकातच आचके देऊन बंद पडली, तेव्हा तुम्ही भर दिवाणखान्यात काय म्हणालात ते तुम्ही विसरला असाल. मी नाही विसरलो. "हा ज्या कामाला हात लावतो ते अर्धं राहतं." दाजी, त्या अख्ख्या गाडीत मी एक, फक्त एक बोल्ट कसला होता! ताई पाण्याचे ग्लास घेऊन तिथेच उभी होती. मी तसाच बाहेर पडलो. इतका तडकाफडकी, की उजव्या पायात तुमची चप्पल निघाली. (अजून आहे. जरा मोठी होते.)

त्यानंतर दोन वर्षांत मी होड्या रंगवल्या, अंडी उबवायच्या कारखान्यात थर्मामीटर वाचले, छापखान्यात कागद उचलले. (अंड्यांचं एक सांगायचं होतं, पण ते पुन्हा कधीतरी.) कुठेही गेलो तरी तुमचं वाक्य माझ्याआधी पोचलेलं. शेवटी चारशे किलोमीटरवर या गॅरेजात टेकलो, तर तुमची गाडीच माझ्या मागे आली. दोरीने ओढत आणली तिला. नात्यातली माणसं अशीच येतात, पत्ता न विचारता.

गॅरेज एका बाईंचं आहे, सगळे त्यांना मालकीणबाई म्हणतात. इंजिनाच्या आवाजावरून त्या रोग ओळखतात आणि माणसाच्या आवाजावरून थाप. गाडी आणली एका दातांच्या डॉक्टरांनी. तुमच्याकडून सकाळी सकाळी, गार असताना बघून विकत घेतली म्हणे. (शाबास दाजी.) गार असते तोवर ती गुणी. तापली आणि रेडिएटरचा पंखा सुरू झाला की आचके, काळा धूर, आणि टर्बोचा जोर यायला लागला की कॉम्प्युटर इंजिनाचा गळाच दाबतो. दोन गॅरेजांनी हात टेकले होते. मालकीणबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "तू म्हणालास ना, वायरिंग येतं? दहा दिवस देते. नाही जमलं तर तुझी पिशवी कुठल्या खुंटीला आहे ते मला माहीत आहे."

मी बॉनेट उघडलं. सगळ्या वायरी पिवळ्या! ऑफिसात उरलेलं तुमचं ते रीळ, आणि दर चार बोटांवर ताईच्या शिवणातल्या हिरव्या दोऱ्याची गाठ. इतक्या नेटकेपणाने इतका घोळ घालणारा माणूस जगात एकच. मी मीटर काढला. आपलं खानदान माणसाने पहिल्याच दिवशी उघड करू नये.

पिवळ्या वायरींत पिवळी वायर शोधणं म्हणजे काय, ते तुम्हाला कसं कळणार? मीटरचं एक टोक इकडे, एक तिकडे, वाजला की समजायचं ही तीच, आणि नावाची चिठ्ठी चिकटवायची. तीन दिवस नुसतं बारसं चाललं होतं. पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर बदलला. हवेचा दाब सांगणारा बदलला. स्पार्क प्लग बदलले. टर्बोच्या पाइपांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधले. इंजिन चालू ठेवून एकेक जुडगा हलवून पाहिला. डॉक्टर रोज संध्याकाळी यायचे आणि अगदी हळू विचारायचे, "दुखतंय कुठे, कळलं का?" मनात म्हटलं, मलाच दुखतंय, सगळीकडे.

सातव्या दिवशी थकून, गाडीच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या लॅपटॉपकडे नुसता बघत बसलो होतो. पंखा सुरू झाला आणि आकडे हलले. एक नाही, सगळे! पाण्याचा, हवेचा, दाबाचा. इंजिन तापून लाल आणि कॉम्प्युटरला वाटतंय गारठा पडलाय, म्हणून तो ओततोय पेट्रोल. सगळे साक्षीदार एकाच क्षणी खोटं बोलायला लागले, तर त्यांना पढवणारा एकच असतो. तो बॅटरीखाली सापडला. दाजी, तुम्ही सगळ्या सेन्सरांचं अर्थिंग बॉडीच्या एका बोल्टावर दिलंत, आणि त्याच बोल्टावर तो दांडगा पंखा! एकाच फळीवरून मुंग्याही चालवल्यात आणि हत्तीही. हत्तीने पाऊल टाकलं की मुंग्यांचे आकडे हलणारच. सेन्सरांचं अर्थिंग वेगळं, सरळ कॉम्प्युटरला न्यायचं असतं हे शेंबडं पोरही सांगेल. (मला मालकीणबाईंनी गेल्या महिन्यात सांगितलं.)

बोल्ट खोलला तर आणखी मजा. अर्थिंगला कोरा पत्रा लागतो, रंगातून करंट जात नाही. इथे वॉशरखालचा रंग खरवडला होता, पण अर्धाच. नखावर असतो तसा अर्धचंद्र. उरलेल्या अर्ध्यात निळा रंग जसाच्या तसा, आणि मधे गंज. कुणीतरी काम सुरू केलं, मधेच सोडलं आणि वरून बोल्ट कसून मोकळा झाला. मालकीणबाई म्हणाल्या, "हे ज्याने केलं त्याला माझ्यासमोर उभा करा." मी म्हटलं, त्यांना मी ओळखतो, ते माझे दाजी. फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

आता ऐका. मी अर्थिंग वेगळं केलं, पंखा सरळ बॅटरीला जोडला, पत्रा गोल चकचकीत घासला. गाडी भर गर्दीत तासभर फिरवली. पंखा चारदा सुरू झाला, एक आकडा हलला नाही. मालकीणबाईंनी मला कामावर पक्कं केलं आणि पाने-पकडी लटकवायला भिंतीवर माझा स्वतःचा हूक दिला. तेव्हा ते वाक्य परत घ्या. एकट्यात नाही, त्याच सहा पाहुण्यांसमोर. ताईलाही ग्लास घेऊन उभी करा. तिला माझा नमस्कार, आणि वेळेवर जेवतो म्हणावं.

तुमचा (इलाज नाही),
मेव्हणा

ता. क. डॉक्टरांना तुमचा पत्ता दिला आहे. पुढच्या रविवारी तिकडे त्यांची दातांची परिषद आहे, तेव्हा घरी येतील. काढलेला दात ठेवायच्या डबीत तो बोल्ट घेतलाय. आवाज चढवत नाहीत, पण थांबतही नाहीत.

ता. क. दुसरा. हे पत्र दोन दिवस खिशातच राहिलं. काल हुकाकडे बघत बसलो होतो आणि आठवलं. तुम्ही माझ्या हातात पॉलिश पेपर दिलात, म्हणालात, "गोल घास, पत्रा दिसला पाहिजे, मग कस. मी हिला दवाखान्यात दाखवून आणतो." मी घासायला लागलो तेवढ्यात रस्त्यावरून एक जुनी मोटरसायकल गेली, असा आवाज मी कधी ऐकला नव्हता, म्हणून तिच्यामागे चौकापर्यंत गेलो. आल्यावर बोल्ट कसला. तुम्ही विचारलंत, झालं? मी म्हटलं, झालं. मुंग्या आणि हत्ती एका फळीवर तुम्हीच घातलेत, ते मी सोडणार नाही. पण अर्धचंद्र माझा. मालकीणबाईंना सांगून टाकलं. त्यांनी हूक काढून घेतला नाही, फक्त त्यावर स्वतःची छत्री अडकवली.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं याच्यासाठी. डॉक्टर यायच्या आदल्या दिवशी, शनिवारी मी येतोय. त्यांना मीच सांगेन, तुमच्यासमोर. पाहुणे बोलवू नका. चप्पल घेऊन येतो. दोन रात्री बाहेरच्या खोलीत पडू द्या. आणि ताईला आधी कळवू नका. मधे दोन ठिकाणी बस बदलावी लागते, आणि माझं काही खरं नाही. नाही पोचलो तर ती दार उघडं ठेवून बसेल.