नखावर थांबलेला थेंब

वहिनी,

जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन गेले. तू झोपली होतीस. तुझ्या अंगठ्याचं नेलपेंट पुसलं आणि नखावर पाण्याचा एक थेंब सोडून पाहिला, तरी तुला जाग आली नाही. थेंब ओघळला नाही गं. वाटीत बसावा तसा नखात बसून राहिला.

'कोइलोनिकिया' हा शब्द मी अकरा वर्षं दवाखान्याच्या रिपोर्टांत टाइप करतेय. अर्थ विचारायची बुद्धी आज सकाळी झाली. चमच्यासारखी खोलगट नखं, बहुतेकदा अंगात लोह कमी असल्याची खूण, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. दर रविवारी तुझी नखं रंगवते कोण? मीच. मधला खळगा दिसू नये म्हणून तिथे दोन हात जास्त देते कोण? तीही मीच. वर "कसं गुळगुळीत झालं बघ!" म्हणून मिरवलंसुद्धा.

पाच वाजता डॉक्टरबाईंनी तुला दवाखान्यात बोलावलंय. डबा गरम करून पोटभर खा आणि रिक्षाने ये, चालत नको. जिना चढताना धाप लागते ते सांगशीलच, पण पाळी पंधरा-पंधरा दिवस थांबत नाही तेही सांग. दादाला बोलू नकोस म्हणालीस, नाही बोलले. तिथे मात्र तू गप्प बसलीस तर मी बोलणार.

रिमूव्हर चिठ्ठीवरच ठेवलंय. उरलेली नऊ नखं तूच पूस. माझा हात धजला नाही.