सेमेसाची खुर्ची आणि दहावी आज्ञा

सोमवार, ४ ऑगस्ट
पाळकसाहेबांनी येत्या रविवारचा उपदेश माझ्याकडे दिला. विषय दहावी आज्ञा : शेजाऱ्याच्या कशाचाही लोभ धरू नको. योग्य निवड. या गावात निर्लोभी माणूस म्हणून दुसऱ्या कुणाचं नाव घेणार?

मंगळवार, सकाळी
मामेभाऊ सेमेसाकडे खुर्ची आली. त्याचा गुडघा कामातून गेलाय, चटईवर बसला की उठता येत नाही, म्हणून मुलीनं सिडनीहून बोटीनं पाठवली. मी नीट बघितलीसुद्धा नाही. रंग चॉकलेटी. हातांना गादी. रेललं की पायाखाली आपोआप पाट येतो. बाजूला पेला ठेवायला खळगा.

संध्याकाळी
ठराव : खुर्ची मागायची नाही. आमच्या बेटावरची रीतच आहे, भाऊबंदानं वस्तू मागितली की नाही म्हणता येत नाही. तोंड भरून वाखाणली तरी ती मागितल्यासारखीच. तेव्हा वाखाणायचीही नाही.

गुरुवार, ७ ऑगस्ट
सेमेसाच्या गुडघ्यासाठी प्रार्थना करायला गेलो. चर्चचा उपदेशक म्हणून आजाऱ्यांना भेटणं माझं कामच आहे. डोळे घट्ट मिटून देवाचे आभार मानले. मऊ गादीबद्दल मानले, पायाखालच्या पाटाबद्दल मानले, उपदेश लिहिताना ज्याची पाठ धरते त्याचीही देवाला काळजी आहे याबद्दल मानले. सगळं देवाशी बोललो, सेमेसाशी एक अक्षर नाही. त्याचं आमेन जरा उशिरा आलं.
घरी आल्यावर आठवलं, गुडघा राहिलाच.

शुक्रवार
खुर्ची आली! सेमेसाच्या बायकोनं, लोसालिनीनं, ढकलगाडीवर घालून आणली. मागून तो लंगडत. म्हणाला, घे बाबा, तुझी पाठ मोडली तर आम्हाला नरकातून बाहेर कोण ओढणार? लोसालिनी हसली नाही. नको म्हटलं असतं तर त्याचा अपमान झाला असता. केवळ म्हणून ठेवून घेतली.
माझी बायको वासिती म्हणाली, लाज कशी वाटत नाही हो तुम्हाला? उपदेशाची तयारी चालू असल्यामुळे वही उघडून बसलो.

शनिवार
खुर्चीत बसून उपदेश लिहिला. झकास जमलाय. माणसाचं मन देवासाठी घडलेलं, त्यात वस्तू कोंबल्या तर ते आणखीच रिकामं होतं, वगैरे. हे लिहिता लिहिता मनात आलं, सेमेसाकडे उभा पंखाही आहे. खुर्चीसमोर बरोबर बसेल. पुढचा विचार केला नाही. हेही काही कमी नाही.

रविवार
उपदेश गाजला. ओरडून सांगितलं, मागू नका, मनातसुद्धा आणू नका! बायका रडल्या. सेमेसा मागच्या खांबाला टेकून उभा होता, सारखी मान डोलावत होता.
वासितीनं माझ्यापुढे अळूचे कंद आदळले आणि स्वतः बाहेर जाऊन जेवली.

मंगळवार, १२ ऑगस्ट
रेललं की लोसालिनीचा चेहरा दिसतो. खुर्ची परत करावी. पण दिलेली वस्तू कुणी परत घेत नाही. मग उपाय सुचला. सेमेसानं मागायची! मागितली की मला द्यावीच लागेल. तो आला तेव्हा मुद्दाम खुर्ची पुढ्यात सरकवली. उभ्या उभ्या मासळीबद्दल बोलून गेला.

गुरुवार, १४ ऑगस्ट
शेवटी मीच गेलो. सेमेसा चटईवर होता. मला बघून उठायला लागला, उठता येईना. लोसालिनीनं काखेत हात घालून उचललं.
म्हटलं, मेल्या, माग की माझ्याकडे! एक शब्द टाक, आत्ता आणून देतो.
तो म्हणाला, नाही रे, तूच सांगितलंस ना, मनातसुद्धा आणू नका. इतकं चांगलं कुणी समजावलं नव्हतं मला. प्रयत्न करतोय. पण पहाटे गुडघा ठणकायला लागला की ती खुर्चीच डोळ्यांपुढे येते. पापच की ते.
जन्मभर माझी थट्टा करत आलेला माणूस. तोंडाकडे निरखून बघितलं. थट्टा करत नव्हता.
मग म्हणाला, तुझं देव ऐकतो. माझ्या मनातून हा लोभ जावा म्हणून प्रार्थना कर.
लोसालिनी माझ्याकडे बघत होती. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. लोभ माझा होता, खुर्ची मी उकळली, एवढंच बोलायचं होतं.
डोळे मिटले आणि प्रार्थना केली. चांगली लांबलचक केली. तेवढं सोडून सगळं बोललो.