दोन टॅग

मये, डिचोली
४ ऑक्टोबर २०२५

प्रिय गौरेश,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळी इथे खुशाल आहोत, तूही मस्कतात खुशाल असशील. मोठ्या बहिणीने पत्राची सुरुवात अशीच करायची असते, म्हणून केली. खुशालीचं खरं काय ते पुढे वाच.

प्रज्योत परवा सुट्टी संपवून तिकडे परत जातोय, त्याच्याकडे हे पाकीट देते आहे. ताईला एकदम पत्राचा उमाळा कुठून आला, म्हणून हसू नकोस. फोनवर बाबा शेजारी बसलेले असतात. मेसेज केला तर तू त्यावर अंगठा उमटवून मोकळा होतोस. कागद आला की निदान बसून वाचशील.

आईचा गुडघा बरा आहे. शेजारच्या नाटेकरणीची म्हैस व्यायली, खरवस आला होता, तुझ्या वाटणीचा मी खाल्ला. तळ्यावर पर्यटकांची गर्दी सुरू झाली आहे. दसरा झाला. दसऱ्याबद्दल लिहायलाच बसले आहे, पण त्याआधी तू पाठवलेल्या त्या बिनचावीच्या यंत्राबद्दल सांगायला हवं.

जूनमध्ये मी तुला कळवलं होतं की वाड्यावरच्या गाड्या चोरीला जातात, तेव्हा बाबांच्या मोटरसायकलीला काहीतरी चांगलं कुलूप पाठव. तू लगेच पाठवलंस. गौरेश, वाड्यावर एकही गाडी चोरीला गेलेली नाही. मला बाबांनाच गाडीपासून दूर ठेवायचं होतं.

मे महिन्यात बाबा सकाळी बाजारात मासळी आणायला म्हणून निघाले आणि दुपारी हळर्णला नदीच्या काठी सापडले. पेडणे तालुक्यात! एका शेतकऱ्याने त्यांच्या खिशातला फोन घेऊन मला लावला. ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षं मोटरसायकल-टॅक्सीचा पायलट म्हणून अख्खा उत्तर गोवा पाठीमागे बसवून फिरवला, तो त्या शेतकऱ्याला विचारत होता की डिचोलीची वाट खंयची. म्हापशाच्या डॉक्टरांनी तपासलं, विसरण्याच्या आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. गाडी चालवायला देऊ नका म्हणाले. सांगायला त्यांचं काय जातं! बाबांच्या हातून चावी काढून घ्यायची कोणी? आई रडली, मी रागावले, बाबांनी चावी कनवटीला लावली आणि जेवले नाहीत. म्हणून मी ही युक्ती काढली.

शंभूच्या गॅरेजात ते यंत्र बसवून घेतलं. त्याने हेडलाइट उघडून तारा जोडल्या, सीटखाली एक डबी बसवली, हँडलवर बटण लावलं. त्याच्याबरोबर कॅरमच्या सोंगटीएवढे दोन काळे टॅग. टॅग जवळ असला की बटण दाबल्यावर गाडी सुरू होते, नसला तर नाही. जुनी चावी आता फक्त हँडलच्या लॉकला आणि पेट्रोलच्या टाकीला. शंभूने आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती लक्षात ठेव: एकदा सुरू झालेली गाडी टॅग लांब राहिला म्हणून वाटेत बंद पडत नाही. पण तू ती बंद केलीस, की टॅगशिवाय पुन्हा सुरू होत नाही.

बाबा सगळा वेळ जुनी चावी हातात धरून बाजूला उभे होते. त्यांनी विचारलं, "चावी ना, मगे हिका कळटा कशें कोण आयलो तें?" आणि मी पटकन बोलून गेले, "बाबा, ती घरच्या माणसाला ओळखते." शंभू हसला. बाबा हसले नाहीत. त्यांना ते पटलं.

एक टॅग मी पार आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवला, दुसरा माझ्या पर्समध्ये. मी ऑफिसला गेले की गाडी नुसती उभी. रविवारी मी टॅग घेऊन त्यांच्या मागे बसायची, आम्ही तळ्यापर्यंत जाऊन यायचो. रस्ता रिकामा, मी मागे, म्हटलं तेवढं तरी राहू दे. तुला खरं सांगते, पहिले काही दिवस मी फार खूश होते. ऑफिसात फोन वाजला तरी छातीत धस्स होत नव्हतं.

पण आई सांगायची. ते रोज सकाळी बटण दाबायचे, थोडं थांबायचे, पुन्हा दाबायचे. सदऱ्याच्या टोकाने टाकी पुसायचे, तिच्याशी काहीतरी बोलायचे आणि उतरून आत यायचे. एका रविवारी मी जवळ गेले आणि गाडी सुरू झाली, तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुका वळखता. माका ना."

मी मागे बसले. ज्याला स्वतःला एकेक माणूस ओळखू येईनासा होतोय, त्याला मी सांगून बसले होते की गाडी घरच्या माणसाला ओळखते. माझी मलाच लाज वाटली. तरी खरं सांगितलं नाही. सांगितलं तर टॅग मागतील, ही भीती.

आता दसरा. खंडेनवमीला आपल्याकडे कोयते, नारळ खवायचा आडाळा, किल्ल्या सगळं देव्हाऱ्यापुढे मांडतात आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत कोणी हात लावत नाही, हे तुला सांगायला नको. आईने माझ्या पर्समधून टॅगही काढून तिथे ठेवला. नंतर मी तिच्यावर ओरडले तर म्हणते, "ती पण गाडयेचीच चावी न्हय? मगे ती देवाक नाका?" आपला देव्हारा पुढच्या खोलीत, भिंतीला लागून. आणि त्याच भिंतीच्या पलीकडे, पडवीत, गाडी.

दसऱ्याला सकाळी मी देवळात गेले होते. बाबांनी गाडी धुतली, झेंडूच्या फुलांचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि सवयीने बटण दाबलं. गाडी सुरू झाली. आई म्हणते, ते लहान मुलासारखे ओरडले, "यशोदा, वळखलें गो! माका वळखलें!" ती स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत लिंबं चिरडली गेली होती आणि बाबा गेले होते.

मी देवळातून आले, आईकडून टॅग कुठे होता ते कळलं, आणि तो देव्हाऱ्यापुढून उचलून पर्समध्ये टाकला. स्कूटर काढतेय तोवर बाबांच्या स्टँडवरच्या गोकुळदासकाकांचा फोन. "बाये, तुजो बापूय सगुणबाब हांगा स्टँडार आसा. गाडी चालू जायना आनी तो लायन सोडिना. तू बेगीन यो."

दसऱ्याला डिचोलीच्या स्टँडवर सगळे पायलट गाड्या सजवून आणतात, नारळ फोडतात. बाबा बरोबर तिथे गेले होते, एकही वळण न चुकता. बिल्ला परत करून वर्षं झाली, पण पुढचा मडगार्ड अजून पायलटांचा पिवळाच आहे ना, म्हणून गाडी बंद करून नंबरात उभे राहिले. गोकुळदासकाका आणि बाकीच्यांनी त्यांना काही म्हटलं नाही. त्यांचा नंबर आला तेव्हा पाठीला बॅग लावलेला एक तरणा मुलगा येऊन मागे बसला. बाबांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मुलगा थोडा वेळ थांबला, मग उतरून मागच्या गाडीवर बसून निघून गेला.

मी पोचले तेव्हा बाबा हार घातलेल्या गाडीवर दोन्ही पाय टेकून तसेच बसले होते. सगळे पायलट दुसरीकडे बघत असल्याचं दाखवत होते. मला बघून म्हणाले, "गौरेश आयिल्लो गो. दुसऱ्याच्या गाडयेर बसून गेलो."

गौरेश, हे मला तुला लिहायचं नव्हतं. इतका वेळ म्हैस आणि खरवस लिहीत बसले, ते ह्यासाठीच. बॅग घेतलेला कोणीही मुलगा दिसला की त्यांना तो तू वाटतोस, हे गणपतीच्याही आधीपासून आहे. तू फोन करतोस तेव्हा ते तुझ्याशी नीट बोलतात, कारण फोन देण्याआधी मी कानात सांगते, "गौरेश आहे." मागच्या वेळी मी सांगायला विसरले. त्यांनी तुला पाऊसपाण्याचं विचारलं आणि फोन माझ्याकडे दिला. तुला वाटलं बाबा घाईत आहेत.

मग मला राहवलं नाही. तिथेच, सगळ्यांसमोर, टॅग पर्समधून काढला, त्यांच्या तळहातावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टर काय म्हणाले, शंभूने काय बसवलं, मी काय खोटं बोलले, सगळं. त्यांनी टॅग उलटासुलटा करून बघितला.

"म्हणजे ही कोणाकच वळखना?"

"नाही बाबा. फक्त ह्याला."

आणि ते हसले रे! खूप दिवसांनी, पूर्वीसारखे, पोट हलवून. "आनी हांव हिका रोज गाळी घालतालों," म्हणाले आणि टाकीवर थाप मारली. गोकुळदासकाकाही हसले, डोळे पुसत.

मला वाटलं आता टॅग खिशात घालतील. त्यांनी तो माझ्या हातात ठेवला आणि माझी मूठ स्वतः मिटली. "तुज्याकडे आसूं. माज्याकडल्यान सांडटलो." उतरले, हँडल माझ्याकडे दिलं आणि मागे जाऊन बसले. स्कूटर तिथेच ठेवून मी त्यांची गाडी चालवत घरी आणली. जन्मभर पॅसेंजरांना वळणावर आंग हलवू नका म्हणून दटावणारा माणूस, प्रत्येक वळणावर स्वतः झुकत होता. मी दटावलं. तेव्हा खांद्यावरचा हात घट्ट झाला.

गाडी आता पडवीतच आहे. काल मी तळ्यापर्यंत चालवली, ते मागे बसून वाटा सांगत होते. बऱ्याचशा बरोबर होत्या.

ह्या पाकिटात कपाटातला दुसरा टॅग आहे. हरवू नकोस. तू पुढच्या चतुर्थीला येईन म्हणाला होतास, ते मला लांब वाटतं. दिवाळीला ये. रजा मिळत नाही हे कारण मला सांगू नकोस, साहेबाला बाबांचं सांग. विमानतळावरून टॅक्सीने घरी येऊ नकोस, डिचोलीच्या स्टँडवर उतर. मी बाबांना मागे बसवून तिथे आणते. तू बॅग घेऊन समोर ये आणि खिशात हा टॅग असू दे.

गाडी तुला ओळखणार, ते मी लिहून देते. बाबांचं लिहून देता येत नाही, म्हणून लवकर ये.

तुझी,
सुविधाताई