पत्र्याच्या चर्चभोवती मनःशांती

४ फेब्रुवारी, सकाळी ७
नवीन काम मिळालं. जुन्या चर्चचं छप्पर दुरुस्तीला काढलंय, म्हणून शेजारच्या मैदानात पत्र्याचं छोटं चर्च उभं केलंय. त्याभोवती मनाला उभारी देणारी बाग करायची. फादर म्हणाले, येणाऱ्यांत दुःखी माणसं बरीच असतात. म्हटलं, निश्चिंत राहा, दुःख हा माझा विषय आहे.
ही गेली त्याला पाच महिने झाले. मी एकदम व्यवस्थित आहे.
संकल्प : १) रोज सहाला उठणे. २) बाल्कनीतल्या हिच्या झाडांना पाणी घालणे. (आतापर्यंत लेक अधूनमधून येऊन घालायची.)

५ फेब्रुवारी, सकाळी ९.४०
उठलो. पाणी उद्यापासून.

११ फेब्रुवारी
डिझाइन झालं. गेटपासून दारापर्यंत थेट वाट नाही. चौऱ्याऐंशी मीटरची गोल गोल पायवाट. चालता चालता माणूस आतून हलका होतो. कडेला बावीस रोपं, दहा वर्षांत दाट सावली. फादर म्हणाले, चर्च ऑगस्टपर्यंतच आहे. म्हटलं, आत्म्याला घाई नसते. त्यांनी घड्याळ बघितलं. पटलं असावं.

२ मार्च
लेक येऊन गेली. म्हणाली, बाबा, आईची झाडं वाळतायत. म्हटलं, बाई गं, माझ्या डोक्यावर अख्खं मैदान आहे, मी डबे काय बघत बसू? ऑइलपेंटचे जुने डबे ते! घरात लँडस्केप डिझायनर असून हिने कधी धड कुंडी आणू दिली नाही.
बाल्कनीचं दार लावून घेतलं. धूळ येते.

९ मार्च, रविवार
पायवाट खुली झाली. एकही माणूस गोल फिरला नाही. गेटमधून शिरले, माझ्या हिरवळीतून तिरके तुडवत थेट दारात. माळी म्हणाला, साहेब, लोकांना प्रार्थनेला उशीर होतो. काय बोलणार! दोरी बांधायला सांगितली.

१६ मार्च, रविवार
दोरी ओलांडली. एका आजींनीसुद्धा.

२३ मार्च, रविवार
कहर झाला. चर्चच्या दाराशी कुणीतरी गंजके डबे मांडलेत. सात-आठ. माझ्या डिझाइनचा पार बट्ट्याबोळ! गेटवरून बघितलं, तिथूनच मस्तक फिरलं. बायका थांबून पानं चुरगाळतायत, वास घेतायत. एक माणूस डब्यांपाशी उकिडवा बसून चक्क रडत होता. माझ्या चिंतनाच्या बाकावर मात्र कुत्रं झोपलेलं.
लेकीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, बाबा, एकदा जवळ जाऊन बघा ना. म्हटलं, कचरा जवळून बघायची गरज नसते. तिने फोन ठेवला. आजकालची मुलं.

२४ मार्च
माळ्याला फोन केला : डबे आजच्या आज कचरागाडीत. तो आढेवेढे घेत होता. आवाज चढवला. कामात भावना आणायच्या नसतात.

३० मार्च, रविवार
दार स्वच्छ. लोक सरळ आत, सरळ बाहेर. कुणी थांबलं नाही. प्रसन्न वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. झोप कमी झाली असेल.

६ एप्रिल, रविवार, दुपारी १
लेकीचा फोन. ती चर्चला जाऊन आली होती. म्हणाली, दाराशी आईचे डबे होते ते कुठायत?
म्हणाली, घरी मरतील म्हणून तुम्ही कामावर असताना मीच एकेक करून नेले होते. फादरना विचारून. तुम्ही बघाल आणि ओळखाल असं वाटलं होतं.
मी म्हटलं, चौकशी करतो.
बाल्कनीचं दार उघडलं. फरशीवर आठ गोल डाग.

६ एप्रिल, संध्याकाळी ६
माळ्याकडे गेलो. सात डबे गाडीत गेले. पुदिन्याचा एक त्याने घरी आणला होता, चहात घालायला. परत मागितला, तर साफ नाही म्हणाला. माझी बायको रोज पाणी घालते, तुम्ही घालणार आहात का, असं त्याने विचारलं. मी डब्यापाशी उकिडवा बसलो.
डबा जवळून बघितला. माझ्याच जुन्या ड्रॉइंगची पट्टी कापून हिने वर टेपने चिकटवलेली. हिचं अक्षर : 'अहो, रोज अर्धा ग्लास. जास्त नको. विसराल.' दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशीची तारीख.
सहा महिने हे बाल्कनीत होतं. रडू आलं. माळ्याच्या दारात, त्याच्या बायकोसमोर. तिने स्टूल दिलं. मग माळ्याने एक फांदी तोडून दिली. पट्टीही सोडवून दिली.

७ एप्रिल, सकाळी ६
फांदी ग्लासात ठेवली आहे. बाकी बाल्कनी रिकामी.
संकल्प : १) अर्धा ग्लास.