बारा वेळा शून्य

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. मी ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तुझी तब्येत कशी आहे? रक्तदाब, झोप आणि मुख्य म्हणजे गुडघे? गुडघ्यांबद्दल जरा सविस्तर कळव. (यामागे काही हेतू नाही.)

शनिवारचं आमंत्रण तुला पोचलं असेलच. आमच्या सरांनी ते चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिलं, कारण सातवीत त्यांना गणित तू शिकवलंस आणि ती भीती अजून त्यांच्या अंगातून गेलेली नाही. (याच सरांसमोर आमचा अख्खा विभाग चळाचळा कापतो.) कॉलेजच्या दोन इमारतींमधल्या नाल्यावर आम्ही चौघांनी मिळून आखलेला आणि उभा केलेला बारा मीटरचा लोखंडी पूल तुझ्या हस्ते, खरं तर तुझ्या पायांनी, खुला व्हायचा आहे. पुढे तू, मागे तुझे जुने विद्यार्थी, चाळीसेक. सगळे एकदम.

त्याआधी झालं ते असं. पूल खुला करण्यापूर्वी त्यावर वाळूची पोती रचून तो मधोमध किती झुकतो ते मोजतात. आमच्या पुलाला पंधरा मिलिमीटरपर्यंत माफ होतं. मोजायला स्टँडवर बसवलेलं घड्याळासारखं यंत्र असतं, डायल गेज. त्याचं टोक पुलाला टेकवायचं आणि काटा बघत राहायचं. हे काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं आहे. (इंजिनिअरिंगमध्ये जबाबदाऱ्या अशाच वाटल्या जातात.) पोती चढत गेली, चाळीस, ऐंशी, एकशेवीस, आणि काटा ढिम्म. मी सुवाच्य अक्षरात बारा वेळा शून्य लिहिलं. सरांनी वही पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. आत्या, तीन वर्षांत त्यांनी माझ्याकडे बघून नुसते सुस्कारे टाकले आहेत. त्या थापेने मी इतकी हुरळले की वजनाखाली लोखंड झुकतंच, न झुकणारं लोखंड अजून खाणीतून निघायचं आहे, हे पहिल्या वर्षाला शिकलेलं साफ विसरले. सर का विसरले, हे विचारायची माझी छाती नाही. बाबांनी तर ऑफिसभर सांगून ठेवलंय की आमच्या मुलीचा पूल केसभरही हलत नाही.

प्रयोगशाळेतले काका, ज्यांनी सगळी पोती वाहिली, तेवढे खूश नव्हते. सोमवारी मी यंत्र परत करायला गेले तर म्हणाले, "ताई, पूल झुकला नाही म्हणता, मग पोती उतरवताना तो कुरकुरला कशाला?"

मी हसले. मग पुसायला म्हणून स्टँड उलटं केलं. त्याच्या बुडाला हिरवा रंग होता. आमच्या पुलाचा हिरवा, जो तेव्हा नीट वाळलेला नव्हता.

नाल्यात चिखल होता आणि माझे बूट नवे होते. म्हणून स्टँड खाली जमिनीवर न ठेवता मी पुलावरच ठेवलं होतं. पूल खाली गेला, त्याच्याबरोबर स्टँड गेलं, यंत्र गेलं, सगळे गुण्यागोविंदाने एकत्र खाली गेले आणि काट्याला पत्ताच नाही. किती खाली गेले ते कुणालाच माहीत नाही. काल पुलावरून एक मांजर गेलं तर ते पलीकडे पोचेपर्यंत मी श्वास धरून उभी होते.

सरांच्या दारापर्यंत तीनदा जाऊन आले. पहिल्यांदा आतून हसण्याचा आवाज आला म्हणून परतले, दुसऱ्यांदा आला नाही म्हणून परतले. तिसऱ्यांदा सरच बाहेर आले आणि कौतुकाने म्हणाले, काय, शून्यवाले? मी म्हणाले, काही नाही सर. भीती वाटते गं. सरांची वाटते, पण डोळे मिटले की छत्री टेकत पुलाच्या मध्यावर आलेली तू दिसतेस, त्याची जास्त वाटते.

तुझी,
सध्या फक्त जमिनीवरून चालणारी भाची

ता. क. शनिवारी तुझे गुडघे दुखणार आहेत, असं सरांना आजच कळवशील का? तू येत नाहीस म्हटलं की समारंभ आपोआप पुढे जाईल, मी गुपचूप पुन्हा मोजेन आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही.

ता. क. २. वरचं वाचून माझी मलाच लाज वाटली. समारंभ पुढे गेला तरी पूल तिथेच आहे. पहिल्या वर्षाची मुलं दोरी ओलांडून त्यावरून कँटीनला जाताना मला या खिडकीतून दिसताहेत. आठ जण आहेत. त्यांना ओरडून थांबवलंय. आता सरांकडे चालले.

ता. क. ३. सांगितलं. सरांनी बूट काढले, पँट दुमडली, स्वतः नाल्यात उतरले आणि चिखलात फळी टाकून त्यावर स्टँड उभं केलं. निम्मी पोती चढली तेव्हाच काटा एकतीसवर होता. मधल्या सांध्याचे बोल्ट आम्ही नुसते हाताने फिरवले होते, पाना लावायचा राहूनच गेला होता. सरांनी पुलाच्या दोन्ही टोकांना फळ्या ठोकल्या आणि वहीत माझ्या बारा शून्यांखाली लिहिलं, 'मी तपासलं नाही. चूक माझी.' खाली सही केली. मी तिथेच रडले.

तेव्हा शनिवारचं रद्द, गुडघे सांभाळ. सर समोर बसले आहेत, पाय अजून चिखलाचेच आहेत. बाईंना तूच कळव म्हणतात. मी म्हटलं, सर, फोन तुम्हीच केलेला बरा. तर म्हणाले, "तुला माझ्याकडे यायला तीन दिवस लागले. मला बाईंकडे जायला आठवडा तरी दे."