काकांच्या दाढेतली खाच

४ मार्च

चि. उचापतीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू दिवसभर लोकांच्या दातांच्या कॅप घडवत बसतेस याचं मला आजवर नुसतं कौतुक होतं. आता गरज पडली. उजवीकडची खालची दाढ मंगळवारी उभी चिरली. पाव खाताना चिरली, असं घरात सांगितलं आहे. डॉक्टरीणबाईंनी मुळावर इलाज केला, दाढ चहूबाजूंनी तासली आणि आता वर कॅप बसवायची म्हणतात. माप तुझ्याच लॅबकडे पाठवायला सांगितलं आहे. घरचं माणूस असताना परक्याकडे कशाला जायचं?

मात्र काही शंका आहेत. कॅप आतून पोकळ असते, मग ती आणि दाढ यांच्यामध्ये काय असतं? हवा राहते का? धातूची बरी की चिनी मातीची? कॅपवर टिचकी मारली तर ती जबड्याच्या हाडापर्यंत पोचते, की वरच्या वर विरते? डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, लोक फक्त चावता येईल ना एवढंच विचारतात.

शाळेच्या सभागृहातला मोठा पियानो मला महिनाअखेरीपर्यंत सुरात लावून द्यायचा आहे. त्याआधी दाढ हवी. उत्तर लवकर धाड आणि आमच्यावर माया ठेव.

तुझा काका

९ मार्च

ति. काकांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि तुमचा जबडा एकाच दिवशी पोचले. पत्र तुम्ही लिहिलंय, पण खरं जबडाच बोलतोय.

आधी शंका. कॅप आणि दाढ यांच्यामध्ये सिमेंटचा पातळ थर असतो, हवा नसते. निदान मी केलेल्या कॅपमध्ये तरी नसते. टिचकीचं मात्र मला माहीत नाही. नऊ वर्षांत कुणी विचारलं नाही, आणि आता तो प्रश्न मला झोप लागू देत नाहीये.

आता माझी शंका. पावाने दाढ उभी चिरत नाही, काका. तुमच्या दातांचा प्लास्टरचा साचा माझ्यासमोर आहे. उजवीकडे वरच्या आणि खालच्या दाढांवर पेन्सिलीएवढी रुंद, आडवी, गुळगुळीत झीज आहे. आमच्या लॅबमध्ये कॅपला झिलई देणारे मामा म्हणाले, हा माणूस सुतार असणार, तोंडात खिळे धरत असणार. तुम्ही तर पियानोवाले. पाइप ओढत नाही, सुपारी खात नाही. दातात धरता तरी काय? फोन केला तर काकूच उचलते आणि तुम्ही बाहेर गेल्याचं सांगते, म्हणून इथेच विचारते. खरं कळल्याशिवाय मी दाढेला हात लावणार नाही.

काकूला नमस्कार. रागावू नका, लोभ तेवढाच राहू द्या.

तुमची उचापती

१४ मार्च

चि. उचापतीस अ. उ. आ.

लहानपणी माझं घड्याळ उघडून बसायचीस, आता माझं तोंड उघडून बसलीस. ऐक तर.

कानांनी अकरा वर्षांपूर्वी हळूहळू अंग काढून घ्यायला सुरुवात केली. आधी बारीक सूर गेले, मग माणसांचं बोलणं. ओठांवरून आणि अंदाजाने मी वेळ मारून नेतो. एकदा पियानोच्या आत वाकलो होतो, दोन्ही हात अडकलेले, म्हणून पोलादी कांडी दातात धरली. तिचं दुसरं टोक पियानोच्या लाकडाला टेकलं आणि सबंध सूर माझ्या डोक्यात स्वच्छ उमटला. तेव्हापासून प्रत्येक पियानो मी दाढेनेच ऐकतो आहे. गिऱ्हाइकाला सांगतो की कामाच्या वेळी मला खोलीत कुणी नको. ते म्हणतात, किती तल्लीन होऊन काम करतात!

ऐकू कमी येईल तसा मी कांडी जास्त आवळत गेलो, आणि दाढ गेली. डावीकडे दाढाच उरलेल्या नाहीत. तुझ्या कॅपमधून सूर पोचला नाही, तर माझं काम संपलं. बहिऱ्या माणसाकडून पियानो कोण लावून घेईल? मला भीती वाटते, हे तुला सांगायला लाज वाटत नाही. काकूला मात्र यातलं अक्षर माहीत नाही आणि कळताही कामा नये. एवढी गोष्ट पोटात ठेव आणि काकावर मर्जी असू दे.

तुझा काका

२० मार्च

ति. काकांस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले आणि मग कामाला लागले.

मामांच्या उजव्या दाढेवर धातूची कॅप आहे, डावी दाढ स्वतःची. कानात कापूस कोंबून त्यांना दोन्हीकडे आळीपाळीने कांडी धरायला लावली आणि दुसरं टोक झिलईच्या मशिनला टेकवलं. दहा वेळा केलं. त्यांना फरक सांगता आला नाही. मग माझ्या मैत्रिणीच्या जुन्या, जराशा हललेल्या कॅपवर करून पाहिलं, तर ती म्हणाली की माशी गुणगुणतेय. म्हणजे मुद्दा धातूचा नाही, घट्ट बसण्याचा आहे. तुमची कॅप मी तीनदा मोडून चौथ्यांदा केली. तिच्या वरच्या अंगाला कांडीच्या मापाची आडवी खाच ठेवली आहे. कांडी नुसती टेकवायची, आवळायची नाही. खाचेचं डॉक्टरीणबाईंना कळवलेलं नाही, तुमचं गुपित फुटेल म्हणून.

आणखी एक. दाढेतून सूर येतो याचा अर्थ आतला कान शाबूत असावा, असं कानाचे डॉक्टर सांगतात. बिघाड त्याच्या बाहेरच्या बाजूला असेल तर त्यावर इलाजही असू शकतो. अकरा वर्षं तुम्ही विचारायला गेला नाहीत! आता जा. आणि काकूला सांगा. मी हट्ट धरून बसलेय असं समजा, आणि तरीही लोभ करा.

तुमची उचापती

२ एप्रिल

चि. उचापतीस काकूचे अनेक आशीर्वाद.

मी लिहितेय म्हणून दचकू नकोस. तुझी कॅप बघून डॉक्टरीणबाईंनी घरी फोन केला. म्हणाल्या, लॅबने काम बिघडवलंय, मधोमध खाच पडली आहे, परत पाठवते. मी त्यांना सांगितलं की खाच मुद्दाम ठेवलेली आहे, तशीच बसवा. तुझा उद्योग आहे हे मी लगेच ओळखलं. कांडीवरचे दातांचे वण मी दहा वर्षांपूर्वीच पाहिलेत. तेव्हापासून यांच्याशी बोलताना उजेडात उभी राहते. मला माहीत नाही असं यांना वाटत होतं, त्यांचं समाधान कशाला घालवा?

शाळेचा पियानो झाला. संगीत शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, इतका सुरात तो कधीच नव्हता. त्या आनंदात यांनी घरी येऊन मला सगळं सांगितलं, चोरी कबूल केल्यासारखं. मी माहीत असल्याचं सांगितलं तर माझ्यावरच रुसले. गुरुवारी कानाच्या डॉक्टरकडे जाताहेत. मी सोबत जाणार आहे.

मग मी विचारलं, अकरा वर्षं गावभरचे पियानो ऐकलेत, माझं काय? हे त्यांना सुचलंच नव्हतं. कांडी दाढेत धरली आणि दुसरं टोक माझ्या गळ्याला टेकवून म्हणाले, बोल. आता काय बोलावं? इतक्या वर्षांनी नवऱ्याला ऐकू येणार म्हटल्यावर माझी बोबडीच वळली. दूध उतू जाईल, बघून येते, एवढंच म्हटलं. ते उठू देईनात. पुन्हा बोल म्हणाले. मी पुन्हा दुधाचंच म्हटलं.

त्यांनी कांडी काढली. मग म्हणाले, की माझा आवाज म्हातारा झालाय, आणि तो होत होता तेव्हा त्यांना कुणी कळवलं नाही.

तुझ्या हातांना यश असंच येत राहो आणि आम्हा दोघांवरचा तुझा जीव असाच राहो.

तुझी काकू