खुराड्यामागचा पाम

मी, वेलिच्को स्तामोव्ह तानेव्ह, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, पूर्वी डबाबंद टोमॅटोच्या कारखान्यात बॉयलरवाला, नंतर रोपवाटिकेचा मालक, राहणार चेर्नी ब्रोद, प्लोवदिवपासून बसने पाऊण तास (बस आली तर), हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या स्वयंपाकघरात बसून लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यासाठी लागलेली राकिया दारूची बाटली जोडलेली नाही, ती डॉक्टरांकडे आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. सून इस्क्रा दोनदा चहा घेऊन आली आणि "बाबा, एवढं काय लिहिताय?" असं विचारून गेली. ते दडपण धरायचं की माया, हे न्यायाधीशांनी ठरवावं.

यापूर्वी केलेली तिन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत. ती रागात केली होती. हे घाईत करतो आहे. घाईचं कारण असं की येत्या सव्वीस तारखेला, संत दिमित्रीच्या दिवशी, माझा मुलगा देतेलिन शेजारीण ग्रोझ्दा हिचं परस विकत घेणार आहे. गिऱ्हाइकांच्या गाड्या लावायला तिथे काँक्रीट ओतायचं ठरलं आहे. त्या परसात, कोंबड्यांच्या खुराड्यामागे, एक झाड आहे. ते गेलं तर आमचा धंदा गेला, आणि हे जगात फक्त मला माहीत आहे. म्हणून हा कागद.

कलम १. राहतं घर, तळघर आणि काचबंद गच्ची देतेलिनला. छप्पर फक्त एका कोपऱ्यात गळतं. त्या कोपऱ्यात पाहुण्यांचा पलंग ठेवलेला आहे, तो हलवू नये.

कलम २. झाडं. केळीचे गड्डे नर्सरीत राहतील. हिवाळ्यात केळीचं वरचं सगळं मरतं आणि खालचं जगतं. आमच्या नगरपालिकेत याच्या बरोबर उलट होतं. काटेरी निवडुंग उणे वीसमध्ये सुरकुतून आडवा पडतो आणि एप्रिलमध्ये जणू काही झालंच नाही असा उभा राहतो. राजवट बदलली तेव्हा आमच्या कारखान्याचे डायरेक्टर अगदी असेच वागले होते, म्हणून तो त्यांच्या मुलाला द्यावा. ऑलिव्ह मी आजवर चार मारले. पाचवा इस्क्राला, कारण ती त्याच्याशी बोलते. ती माझ्याशीही बोलते आणि मी अजून जिवंत आहे, तेव्हा त्या पद्धतीत तथ्य असावं. कुंडीतला बुटका पाम नोव्हेंबर ते मार्च तळघरात खारवलेल्या कोबीच्या पिंपाशेजारी असतो. त्याला त्या वासाची सवय झाली आहे, त्याची सोबत तोडू नये.

कलम ३. जुनी येणी. पाममित्र मंडळाचे अध्यक्ष स्पास दिमोव्ह दर एप्रिलमध्ये मी अंगणातल्या मोठ्या पामची थंडीची गुंडाळी सोडतो तेव्हा हजर असतात. मधला कोवळा कोंब दोन बोटांनी धरून ओढतात. कोंब घट्ट असला तर झाड जिवंत, हातात आला तर आतून कुजलेलं. ओढताना त्यांच्या चेहऱ्यावर जी आशा असते, ती मी लग्नाच्या दिवशी नवरदेवाच्या चेहऱ्यावरही पाहिलेली नाही. त्यांना माझा हातमोजा द्यावा, फक्त उजवा. वनस्पतींच्या संस्थेतले एक विद्वान मला म्हणाले होते, "बल्गेरियात पाम? त्यापेक्षा अस्वल पाळा, ते निदान नाचतं." ते वारले. त्यांना क्षमा. त्यांचं अर्धं बरोबर होतं, ते पुढे येईलच.

कलम ४. कबुली. हे कलम माझ्या धंद्याच्या पाट्या छापणाऱ्याने वाचू नये.

एकोणऐंशी साली कारखान्याने चांगल्या कामाबद्दल आम्हाला काळ्या समुद्रापलीकडच्या बातुमीला सहलीला पाठवलं. इतरांनी चहा आणला. मी साबणाच्या डबीत पामची तीन रोपं आणली. दोन मेली, तिसरं दक्षिणेच्या भिंतीला लावलं. त्र्याण्णवपर्यंत ते माझ्या उंचीचं झालं. त्या जानेवारीत बॉयलरखान्याच्या थर्मामीटरने उणे सत्तावीस दाखवलं आणि झाड तंबाखूच्या रंगाचं झालं. एप्रिलच्या सुरुवातीला मी कोंब ओढला. दह्यातून चमचा निघावा तसा निघाला.

माझी बायको गिन्का, देव तिला शांती देवो, म्हणाली, "अहो, उन्हाळ्यापर्यंत थांबा. मेलेल्या माणसालासुद्धा आपण चाळीस दिवस देतो."

मी म्हटलं, "मला शिकवू नकोस."

झाड छाटलं, उपटलं आणि ग्रोझ्दाच्या खुराड्यामागच्या खड्ड्यात फेकलं. आमचा कचरा मी तिथेच टाकत असे, आणि हेही आजच कबूल करतो. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या टवाळांनी बसथांब्यावर माणसाच्या मरणाचा लावतात तसा कागद लावला. काळी चौकट, पामचा फोटो, खाली "शोकाकुल: वेलिच्को आणि त्याचा बॉयलर."

हेही सोसलं असतं. पण मे महिन्यात प्लोवदिवचं वर्तमानपत्र झाड बघायला येणार होतं आणि मी ते सगळ्या गावाला सांगून बसलो होतो. मी मॉस्कविच गाडी काढली, ग्रीसमध्ये कावालाला गेलो, तेवढ्याच उंचीचा पाम आणला आणि ईस्टरच्या दुपारी, सगळं गाव कोकरावर ताव मारत असताना, भिंतीलगतच्या जुन्या झाडाच्या जागी लावला. गिन्का खोड धरून उभी होती.

"देव बघतोय," ती म्हणाली.

"बघू दे. झाड सरळ आहे का ते तू बघ."

वर्तमानपत्राने लिहिलं की चेर्नी ब्रोदचा पाम मरणातून उठला. गावाने ईस्टरशी त्याचा संबंध जोडला, मी तोडला नाही. त्या बातमीवर नर्सरी उभी राहिली.

कलम ५. बियांबद्दल. त्याच वर्षी जुलैत ग्रोझ्दाने कुंपणावरून हाक मारली.

"ए शेजाऱ्या, तुझ्या कचऱ्याला पानं फुटलीत."

मी जाऊन पाहिलं. माझाच पाम. खड्ड्यात आडवा, कोंबडीच्या खतात अर्धा पुरलेला, आणि मधून बोटभर हिरवा.

"छे, गवत आहे," मी म्हटलं.

"गवत तर गवत. जाळी बांधायला खुंटी झाली," असं म्हणून तिने तो उभा केला, माती लोटली आणि खुराड्याची जाळी त्याला बांधली. तेव्हापासून तो तिथे आहे. त्याला कधी कोणी गुंडाळलं नाही. ग्रोझ्दा त्याला 'झाडू' म्हणते, कारण त्याच्या खालच्या पानांनी ती अंगण झाडते. इकडे माझ्या ग्रीक पाहुण्याला दर नोव्हेंबरात कापडाचे तीन थर, विजेची गरम तार, वर तंबू. कावालाला त्याच्या आईने एवढं केलं नसेल.

या जातीत नर वेगळा, मादी वेगळी. ग्रीक निघाला नर. खुराड्यामागची निघाली मादी. सहाएक वर्षांनी तिला द्राक्षांसारखे निळे-काळे घोस लागले. मी ग्रोझ्दाला म्हटलं, "हे विषारी आहेत, तुझ्या कोंबड्या मरतील. मी येऊन काढून नेत जाईन, तू काळजी करू नकोस." ती इतकी भारावली की दर डिसेंबरला घोस उतरवले की मला दहा अंडी द्यायची. बावीस वर्षं मी तिचा माल नेतो आणि ती माझे आभार मानते. देतेलिनला मी सांगून ठेवलं होतं की मादी झाड पेत्रिच गावच्या एका मित्राकडे आहे. असा मित्र नाही.

रोपांच्या पाटीवर लिहिलेलं असतं, 'उणे सत्तावीस सोसलेल्या पामचं बी.' गेली बावीस वर्षं मी ते खोटं समजून विकत आलो. या कागदासाठी नीट विचार केला तेव्हा लक्षात आलं की पाटीवरचं अक्षर न् अक्षर खरं आहे. खोटं फक्त एवढंच, की पाटी वाचणाऱ्याला मी बोट दाखवायचो ते झाड.

कलम ६. कान अजून चांगले आहेत. मागच्या आठवड्यात देतेलिन इस्क्राला म्हणाला, "खुराडं आणि तो झाडू आधी काढू, मग जमीन सपाट." म्हणून मी लिहायला बसलो होतो, की झाड तोडू नये. लिहिताना अडचण आली. झाड माझं नाही. दुसऱ्याची वस्तू मृत्युपत्राने देता येत नाही, एवढा कायदा बॉयलरवाल्यालाही कळतो. तेव्हा पेन ठेवून मी ग्रोझ्दाकडे गेलो आणि वरची दोन कलमं तिला वाचून दाखवली.

ती कोंबड्यांना दाणे टाकत होती. टाकत राहिली. मग म्हणाली, "तू इस्पितळात होतास त्या हिवाळ्यात घोस कोणी काढले नाहीत. कोंबड्यांनी खाली पडलेले सगळे खाल्ले. एकही मेली नाही."

"मग तू मला काही बोलली नाहीस?"

"मला वाटलं, बिचारा चुकला असेल. म्हातारा माणूस, काळजीपोटी सांगतो."

मी म्हटलं, "मृत्युपत्रात सगळं खरं लिहितोय. मी गेल्यावर देतेलिन वाचेल."

"वा. म्हणजे तू पेटीत आरामात पडणार, वर तेराव्यासारखे उकडलेले गहू वाटले जाणार, आणि तोंड लपवत फिरायचं तुझ्या पोराने. मेल्यावर खरं बोलायला काय लागतं रे? जमिनीचा कागद मंगळवारी आहे. त्याआधी त्याच्या तोंडावर वाच. नाही वाचलंस तर मी सही करते, बुर्गासला लेकीकडे जाते, आणि त्यांना झाडूपासूनच सुरुवात करायला सांगते."

मी तिला आठवण करून दिली की तो उणे सत्तावीसमधून वाचलेला जीव आहे. ती म्हणाली, "तो वाचला. मी तुझ्यातून वाचले का ते बघू."

कलम ७. त्याप्रमाणे रविवारी, चोवीस तारखेला, जेवणानंतर, ग्रोझ्दाला समोर बसवून, हा कागद मी मोठ्याने वाचला. मरणोत्तर वाचायचा कागद जिवंतपणी वाचायला दोन पेले पाणी लागतं.

इस्क्रा पहिल्यांदा बोलली. "म्हणजे माहितीपत्रकावरचा फोटो बदलावा लागणार."

देतेलिनने राकिया ओतली. मला नाही, स्वतःला.

"बाबा, तुम्ही इस्पितळात होता त्या फेब्रुवारीत दोन दिवस वीज गेली होती."

"मग?"

"मग तार थंड झाली. बाहेर उणे तेवीस. मार्चमध्ये मी कोंब ओढून पाहिला."

त्याने पेला रिकामा केला.

"तुम्ही घरी यायच्या चार दिवस आधी इटलीहून दुसरा आणला. उंची मोजून. नर बघून. वर पुन्हा तुमचीच जुनी कापडं गुंडाळली. डॉक्टर म्हणाले होते की तुम्हाला धक्का देऊ नका."

ग्रोझ्दाच्या डोक्याचा रुमाल हसता हसता खांद्यावर आला. "अरे देवा, आणि हा नऊ वर्षं पाहुण्यांना सांगतोय की या झाडाचं पान न् पान मला ओळखतं."

ते खरं आहे, मी तसं सांगत होतो. त्याच एप्रिलमध्ये मी काठी टेकत गुंडाळी सोडली, स्पासने कोंब ओढला, तो हलला नाही, स्पासचा चेहरा पडला, आणि मी सगळ्यांना पाजली. माझ्या मागे देतेलिन उभा होता. तो तेव्हा का घामेजला होता हे मला आत्ता कळलं. मी समजलो होतो, भावना अनावर झाल्या.

माझ्या पश्चात धंदा चालवायला तो जरा साधा आहे अशी काळजी मला होती. ती काळजी मी या कलमाने मागे घेतो. नर्सरी, तिचं नाव, हत्यारं आणि काचघर बिनशर्त देतेलिनला.

कलम ८. परसाबद्दल ठरलं ते असं. रस्त्याकडची जागा देतेलिन घेईल. खुराडं, कोंबड्या, पाम आणि त्याच्याभोवतीची सहा मीटर जमीन ग्रोझ्दाचीच राहील, तिच्यानंतर तिच्या लेकीची. बी तिचं. नर्सरीने ते तिच्याकडून विकत घ्यायचं, भाव ती सांगेल तो. तिने पहिल्याच वर्षाचा सांगितलेला भाव ऐकून मला तिच्याविषयी नव्याने आदर वाटला. ती बुर्गासला जायचं आता वसंतात बघू म्हणते. कागदावर काल सह्या झाल्या. देतेलिन त्या झाडाला गुंडाळायला कापड घेऊन गेला होता, ग्रोझ्दाने त्याला दाराबाहेर काढलं.

कलम ९. अंत्यविधी साधा करावा. माझ्या मरणाचा कागद दारावर आणि बसथांब्यावर लावावा, कोणत्याही झाडाला खिळा मारू नये. फोटो पन्नाशीतला वापरावा.

कलम १०. अंगणातल्या इटालियन पामबद्दल. देतेलिनने विचारलं, आता नोव्हेंबर आला, याला गुंडाळायचं का. आम्ही दोघांनी मिळून ठरवलं की नाही. कापड नाही, तार नाही, तंबू नाही. स्पास दिमोव्ह यांना एप्रिलचं आमंत्रण नेहमीप्रमाणे जाईल, आणि मी असलो तर मी, नसलो तर देतेलिन, त्यांच्या बाजूला उभा राहील. जगला तर स्वतःच्या नावाने जगेल. मेला तर मेला. चौथा आणायचा नाही. हे कलम माझ्या सर्व वारसांवर बंधनकारक आहे, आणि मी जिवंत असेपर्यंत माझ्यावरही.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, दुसऱ्यांकडून ऐकूनही घेतला, आणि तो मला मान्य आहे.

(सही) वेलिच्को स्तामोव्ह तानेव्ह

साक्षीदार:
१. रोसित्सा बाल्कान्स्का, पोस्टमन बाई. मजकूर वाचून सही केली. दोनदा वाचला.
२. मिलुश गेरोव्ह, पशुवैद्य. फळं कोंबड्यांना विषारी नसल्याचं आपल्याला आधीपासून माहीत होतं, पण कोणी विचारलं नव्हतं, असं सांगून सही केली.

ग्रोझ्दा हिलाही साक्षीदार व्हायचं होतं. लाभार्थी असल्याने कायद्याने चालत नाही. तिने कायद्याला नावं ठेवली, ती नोंदवलेली नाहीत.

ठिकाण: चेर्नी ब्रोद
दिनांक: २७ ऑक्टोबर २०२१